रेसिडेन्सी सुरू, हप्ताही सुरू: डॉक्टर होणाऱ्यांच्या शैक्षणिक कर्जाचं गणित

(या भागाचं लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त आकडे अंकात लिहिलेत, म्हणजे स्क्रीनशॉट काढायला बरं.)

मागच्या भागात आपण इंजिनिअरिंगच्या एज्युकेशन लोनबद्दल बोललो होतो. त्यावर सगळ्यात जास्त मेसेज कुणाचे आले असतील, तर डॉक्टर मंडळींचे. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, सगळीकडून. सगळ्यांचा सूर एकच: "दादा, तुमचं ठीक आहे, नोकरी लागली आणि हप्ता सुरू झाला. आमचं काय? आम्ही अजून शिकतोयच."

मी काही डॉक्टर नाही, बँकवाला तर नाहीच. पण माझी धाकटी बहीण सध्या रेसिडेंट आहे, एमडी करतेय. आणि घरात एक्सेल शीट उघडणारा माणूस म्हटलं की मी. त्यामुळे तिच्या कर्जाचा प्रत्येक रुपया गेली सात-आठ वर्षं माझ्या शीटमधून गेलाय. त्या जोरावर बोलतोय.

आधी इंजिनिअर आणि डॉक्टर यांच्यातला फरक बघा. बीटेक चार वर्षांचं. बाविसाव्या वर्षी मला पगार सुरू झाला. एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं आणि वर भर एक वर्षाची इंटर्नशिप, म्हणजे साडेपाच. मग नीट पीजी, मग तीन वर्षांची रेसिडेन्सी, मग बॉण्ड. पूर्ण कमाई सुरू व्हायला अठ्ठावीस-तीस वय होतं. आता गंमत अशी, की सरकारी बँकांचं शैक्षणिक कर्ज ज्या नमुना योजनेवर चालतं, ती इंडियन बँक्स असोसिएशनची योजना. तिच्यात हप्ता कधी सुरू होतो? कोर्स संपल्यावर एक वर्षाने. याला मोरेटोरियम म्हणतात. आता तो कोर्स कोणता? ज्यासाठी कर्ज घेतलं तो. म्हणजे एमबीबीएस. तुम्ही पुढे एमडी करताय, हे बँकेच्या कॉम्प्युटरला माहीतच नसतं. आपण सांगितल्याशिवाय त्याला कळणार कसं?

एक खरं कॅलेंडर घेऊ. समजा इंटर्नशिप मार्च 2024 ला संपली. मोरेटोरियम मार्च 2025 पर्यंत. नीट पीजी 2024 झाली 11 ऑगस्टला. मग कौन्सेलिंग, राउंडवर राउंड, ते चाललं पुढच्या वर्षापर्यंत. म्हणजे ज्याला पहिल्याच प्रयत्नात सीट मिळाली, त्याची रेसिडेन्सी सुरू होऊन चार-पाच महिने होतात न होतात, तोच बँकेचा मेसेज. ज्याने एक वर्ष ड्रॉप घेतला त्याचं तर विचारूच नका, रूमवर अभ्यास चालू आणि हप्ताही चालू. म्हणजे ते एक वर्ष, जे नोकरी शोधायला म्हणून दिलेलं असतं, ते डॉक्टरचं परीक्षेत आणि कौन्सेलिंगमध्येच जातं.

आणि मोरेटोरियम म्हणजे फुकट वेळ नाही, बरं का. हप्ता थांबलेला असतो, मीटर नाही. हे इतक्या जणांना माहीत नसतं की मी आता प्रत्येकाला पहिला हाच प्रश्न विचारतो: "व्याज किती झालंय ते बघितलंस का?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "व्याज? आत्ताच?"

आता आकडे. मी सोपे घेतोय, व्याज 10 टक्के धरू. तुमचा दर थोडा वर-खाली असेल. साडेसात लाखांचं कर्ज. का साडेसात? कारण क्रेडिट गॅरंटी योजनेत तेवढ्यापर्यंत जमीन-घर तारण लागत नाही, आणि आपल्याकडच्या बहुतेक घरांचं कर्ज तिथेच थांबतं. दर वर्षी दीड लाख, असे पाच वेळा बँकेने कॉलेजला दिले. शिकत असताना सरकारी बँक सरळव्याज लावते, चक्रवाढ नाही. साडेसहा वर्षांनी, म्हणजे हप्ता सुरू व्हायच्या दिवशी, व्याज होतं 3,37,500. आता त्या दिवशी काय होतं ते नीट ऐका. हे व्याज मुद्दलात मिसळतं. तुमचं कर्ज साडेसात लाख राहत नाही, 10,87,500 होतं. आणि इथून पुढे त्या व्याजावरही व्याज. 10 वर्षांचा हप्ता बसतो साधारण 14,370 रुपये.

आता तेच कर्ज, पण व्याज दर वर्षी भरत आलात. मुद्दल साडेसात लाखच. हप्ता साधारण 9,910. महिन्याला साडेचार हजारांचा फरक, 120 महिने. पाच लाखांच्या वर जातं ते, आणि त्यासाठी तुम्ही आधी भरलेले असतात 3,37,500. वर काही बँका, शिकतानाच व्याज भरलं तर दरात एक टक्का सूटही देतात. सँक्शन लेटरमध्ये बघा, लिहिलेलं असतं.

मान्य, शिकत असताना व्याज भरायला घरात पैसा पाहिजे. पण हे ऑल ऑर नथिंग नाहीये. माझ्या शीटमधला सगळ्यात आवडता सेल सांगतो: मुद्दलात मिसळायच्या आधी भरलेले 10,000 रुपये म्हणजे पुढच्या 10 वर्षांत न भरावे लागणारे जवळजवळ 15,860 रुपये. बस. इंटर्नशिपमध्ये स्टायपेंड मिळतं. महाराष्ट्रात 2024 मध्ये सरकारी कॉलेजातल्या इंटर्नचं स्टायपेंड 11 हजारांवरून 18 हजार झालं. त्यातले दोन-तीन हजार जरी व्याजात टाकले तरी फरक पडतो.

आमच्या घरी हे हळदीवर चालतं. अण्णांचं रान वसमत तालुक्यात. आपल्याकडे हळद निघते, शिजते, वाळते, आणि मार्केटला जाते तोवर उन्हाळा आलेला असतो. शेतकऱ्याच्या घरात पैसा दर महिन्याच्या एक तारखेला येत नाही, तो वर्षातून दोनदा येतो, सोयाबीनचा दिवाळीच्या आसपास आणि हळदीचा उन्हाळ्यात. शैक्षणिक कर्जाचं बरं आहे की मध्ये केव्हाही, कितीही भरता येतं, आणि सरकारी बँका मुदतीआधी भरल्याचा दंड लावत नाहीत. त्यामुळे आम्ही ठरवलं होतं, हळदीची पट्टी आली की वर्षाचं व्याज आधी. एखाद्या वर्षी भाव पडला की अर्धंच भरलं. चालतं.

आता मूळ प्रश्न, रेसिडेन्सीतली तीन वर्षं. इथे तीन रस्ते आहेत. पूर्ण हप्ता भरायचा, फक्त व्याज भरायचं, किंवा बँकेकडून मुदत वाढवून घेऊन काहीच भरायचं नाही. तिसरा रस्ता सगळ्यात गोड वाटतो. 36-36 तासांची ड्यूटी केलेल्या माणसाला कोण म्हणणार की तू आता नेट बँकिंग उघड? पण आकडा बघा. साडेसात लाखांवर 10 टक्क्यांनी वर्षाचं व्याज 75,000. तीन वर्षांचं 2,25,000. तेही मुद्दलात मिसळलं की तुम्ही 7.5 वरून 13 लाखांच्या वर जाता. हप्ता 17,300 च्या घरात. म्हणजे एमडी होऊन बाहेर पडलात, लग्नाचं बघतायत, क्लिनिकचं बघतायत, आणि कर्ज जवळपास दुप्पट.

माझं स्पष्ट मत: सरकारी कॉलेजात असाल तर निदान व्याज भराच. 6,250 रुपये महिना. महाराष्ट्रात 2024 च्या सुरुवातीला मार्डच्या आंदोलनानंतर रेसिडेंटचं स्टायपेंड 10 हजारांनी वाढलं, ते आता 80 हजारांच्या वर आहे. त्यात 6,250 बसतात. मेस, पुस्तकं, थिसिसचा खर्च, घरी पाठवायचे, सगळं धरूनही बसतात. ज्यांना जमतं त्यांनी पूर्ण हप्ता भरावा. पण प्रायव्हेट कॉलेजात असाल तर गोष्ट वेगळी. तिथे स्टायपेंड किती, वेळेवर मिळतं का, हातात किती उरतं, हा मोठा विषय आहे. एनएमसीने कॉलेजांना स्टायपेंडचे आकडे जाहीर करायला सांगितलेत, ते का सांगावं लागलं हे तुम्हाला माहितीच आहे. अशा वेळी मुदतवाढ मागण्यात काही कमीपणा नाही.

मुदतवाढ मागायची कशी? लेखी. आणि हप्ता थकायच्या आधी. हे दोन शब्द लिहून ठेवा: लेखी, आधी. त्याच नमुना योजनेत सोय आहे. नोकरी नसेल किंवा कमाई कमी असेल अशा काळासाठी कर्जाच्या आयुष्यात दोन-तीन वेळा हप्ता थांबवता येतो. पुढच्या शिक्षणासाठी त्याच बँकेतून टॉप-अप कर्ज घेतलं तर दोन्हींची परतफेड नव्याने बसवता येते. स्टेट बँकेच्या योजनेत तर स्पष्ट आहे, दुसरं कर्ज घेतलं तर दोन्ही मिळून दुसऱ्या कोर्सनंतर 15 वर्षांत फेडायचं. पण यातलं काहीही आपोआप होत नाही. पीजीचं ॲलॉटमेंट लेटर, कॉलेजचं बोनाफाईड, स्टायपेंडचा कागद, आणि एक अर्ज. अर्जाची दुसरी प्रत न्यायची आणि तिच्यावर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्यायची. "साहेब मीटिंगला गेलेत, ठेवून जा" म्हटलं तरी शिक्का घेतल्याशिवाय उठायचं नाही. आमच्याकडे एका शाखेत पहिला अर्ज हरवला होता. दुसऱ्या वेळी शिक्क्याची प्रत दाखवली तेव्हा काम झालं. बँकेने दाद दिली नाही तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार, 30 दिवस वाट, आणि मग रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. ऑनलाइन आहे, फुकट आहे, हेल्पलाइन 14448.

आणि आधी का? कारण थकल्यावर मागितलेली मुदतवाढ आणि थकण्याआधी मागितलेली, या दोन्हीकडे बँक एका नजरेने बघत नाही. हप्ता 90 दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए. इथे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो.

तुमच्या कर्जावर दुसरी सही कुणाची आहे? बाबांची. ते नुसते जामीनदार नाहीत, सहकर्जदार आहेत. कर्ज त्यांच्या नावावरही आहे. तुमचा हप्ता चुकला की सिबिल दोघांचा पडतो. आणि तुमच्या बाबांना दर वर्षी जूनमध्ये काय लागतं? पीककर्ज. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर महाराष्ट्रात शून्य टक्क्याने पडतं. सरकार दर खरिपाला बँकांना सांगतं, पीककर्जाला सिबिल बघू नका. पण शाखेत टेबलासमोर बसल्यावर काय होतं, हे ज्याने बघितलंय त्याला विचारा. तिथे नवं-जुनं झालं नाही, तर माणूस खताच्या दुकानदाराच्या उधारीवर जातो, नाहीतर सावकाराकडे. म्हणजे मुंबईत किंवा नागपुरात कुणी रेसिडेंट ड्यूटीत विसरला, आणि त्याची किंमत सेनगावात पेरणीला मोजली गेली. मला वाटतं हा मुद्दा घरात कुणी बोलतच नाही. लेकरू शिकतंय, त्याला टेन्शन कशाला, म्हणून वडील सांगत नाहीत, आणि लेकराला वाटतं कर्ज आपल्या एकट्याचं आहे.

अजून एक ऐकू येतं, पारावर. "थांब रे, कर्जमाफी होईल." मित्रांनो, 2017 ची कर्जमाफी बघा, 2019 ची बघा. दोन्ही शेतीकर्जाच्या होत्या. शैक्षणिक कर्ज त्यात नव्हतं. त्या भरवशावर हप्ता थांबवू नका.

स्टायपेंडचा अजून एक ताप म्हणजे त्याची तारीख. कधी 10 ला, कधी 25 ला, कधी दोन महिन्यांचं एकदम. हप्ता मात्र ऑटो-डेबिट, ठरलेल्या तारखेला. खात्यात पैसे नाहीत, मॅन्डेट बाउन्स, बँकेचा दंड वेगळा. यावर माझा उपाय अगदी साधा आहे. हप्ता जातो ते खातं वेगळं ठेवा, त्याला यूपीआय जोडूच नका, आणि त्यात तीन महिन्यांचे हप्ते कायम पडून राहू द्या. तीन का? 90 दिवस म्हणून. एकदा भरलं की स्टायपेंड उशिरा आलं तरी झोप लागते. आणि हप्ता भरायला मोबाइलवरच्या इन्स्टंट लोन ॲपवरून पैसे उचलू नका. 10 टक्क्यांचं कर्ज फेडायला त्याच्या दुप्पट-तिप्पट दराचं कर्ज.

सबसिडीबद्दल. आई-वडिलांचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्र सरकारची व्याज सबसिडी योजना आहे, 2009 पासून. ती मिळाली तर कोर्स अधिक एक वर्ष, एवढ्या काळाचं व्याज सरकार भरतं. म्हणजे मघाचे ते 3,37,500 तुमच्या डोक्यावर येतच नाहीत. पण ही एकदाच मिळते. एमबीबीएसला घेतली तर पीजीला नाही, आणि मोरेटोरियम संपलं की मीटर तुमचं. त्यामुळे "आमची सबसिडी आहे" म्हणून रेसिडेन्सीत निर्धास्त राहू नका. दुसरं, क्लेम शाखेने पाठवावा लागतो. बहिणीच्या खात्यात एका वर्षाची सबसिडी दिसेना, म्हणून स्टेटमेंट काढलं, तर त्या वर्षी क्लेमच गेला नव्हता. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला पुन्हा दिला, चार चकरा झाल्या, मग आली. तुम्ही दर एप्रिलला स्टेटमेंट काढून बघा. उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी आहे, 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज सवलत, पण ती ठरावीक नामांकित संस्थांनाच लागू आहे. आपलं कॉलेज यादीत आहे का ते आधी बघा.

टॅक्सवाल्यांचा आवडता मुद्दा, 80ई. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर पूर्ण वजावट, आठ वर्षं. ऐकायला भारी. पण ती जुन्या कररचनेत आहे, आणि नव्या रचनेत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंत तसाही कर नाही. रेसिडेंटचं वर्षाचं स्टायपेंड त्याच्या आतच बसतं. म्हणजे रेसिडेन्सीत तुम्हाला याचा उपयोग जवळपास शून्य, आणि ती आठ वर्षं मात्र पहिल्यांदा व्याज भरलं त्या वर्षापासून मोजायला लागतात. तरीही व्याज भरा, कारण टॅक्स वाचवायला व्याज वाढवणं हा उलटा धंदा आहे.

आता बॉण्ड. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं तर एक वर्ष सेवा, नाहीतर 10 लाख. पीजीनंतर पुन्हा एक वर्ष, नाहीतर 50 लाख. अमेरिकेत एक योजना आहे, सरकारी किंवा ना-नफा हॉस्पिटलमध्ये काम करत 120 हप्ते भरले की उरलेलं केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज माफ. तिथे रेसिडेन्सीतले हप्तेसुद्धा त्यात मोजता येतात, आणि हप्ता कमाईच्या प्रमाणात बसतो. आपल्याकडे बॉण्ड केला नाही तर दंड आहे, पण केला तर कर्जातून एक रुपया कमी होत नाही. मला हे खटकतं. कळमनुरीच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षभर डॉक्टर पाहिजे ना? मग त्या वर्षाचं व्याज तरी सरकारने भरावं. डॉक्टर पळून गेला म्हणून ओरडण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

ते होईल तेव्हा होईल. तोवर बॉण्डचं वर्ष तुमच्यासाठी वापरा. ते पगारी असतं. क्वार्टर मिळालं तर भाडं नाही, मॉल नाही, स्विगी नाही. (हसतो) सेनगावात कुठे पैसे उडवणार? माझ्या ओळखीत ज्यांनी कर्ज लवकर संपवलं, त्यांनी मुद्दलाचा मोठा तुकडा याच वर्षात मोडला. फक्त पैसे भरताना एक सांगायचं: जास्तीची रक्कम मुद्दलात धरा आणि मुदत कमी करा, हप्ता कमी करू नका. शाखेतून पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट काढून खात्री करा.

शेवटी आपल्या हिंगोलीच्या पोरांसाठी. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात एकदम दहा सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली, त्यात हिंगोलीचं एक. 100 जागा. त्या पहिल्या बॅचची इंटर्नशिप 2030 च्या आसपास संपेल आणि मोरेटोरियम 2031 ला. म्हणजे तुमच्या हातात अजून बरीच वर्षं आहेत. आज घरी फोन करून बाबांना दोन गोष्टी विचारा: सँक्शन लेटर कुठे ठेवलंय, आणि सबसिडीचा फॉर्म भरला होता का. मी वापरतो ती एक्सेल शीट या भागाच्या खाली देतोय. पिवळ्या रंगाच्या रकान्यांत कर्ज, दर आणि तारखा टाका, बाकीचं ती करते. शीटमध्ये काही अडलं तर व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट टाका, रविवारी बसून उत्तरं देतो.